मौनी तोंड उघडेपर्यंत

१८ फेब्रुवारी

घेतली! मौनीने अंडी तोंडात घेतली. आणि दादाने सर्जनकडे जायचं पुढे ढकललं. दोन्ही एकाच दुपारी.

मी आत बसून पाणीपुरवठ्याची बातमी लिहीत होते. दातांच्या दवाखान्यातून दादाने आरशाची दांडी स्टीलच्या ट्रेवर आपटली. हल्ली हाक मारायची त्याची हीच पद्धत, तोंड फार उघडायला नको असतं. धावत गेले. तर हा पेशंटच्या खुर्चीत आडवा, माशांच्या टाकीकडे तोंड करून, चेहरा असा की कुणाची तरी वाकडी अक्कलदाढ एका झटक्यात निघाली! नारिंगी मण्यांचा घोस मादीच्या पोटातून सुटला आणि नराने तो अख्खा तोंडात घेतला. आता महिनाभर हा मासा काही खाणार नाही. तोंड मिटून एका कोपऱ्यात उभा राहणार. म्हणून मौनी. या घरात नावं ठेवायचं खातं माझ्याकडे आहे.

"मग परवाचं काय?" मी विचारलं. परवा ऑपरेशनची तारीख ठरवायला जायचं होतं.

"याची पिल्लं सुटली की जातो."

"महिना जाईल!"

"गाठ कुठे पळून चाललीय?"

गाठ जबड्यात आहे. डावीकडे. आणि हा माणूस जन्मभर लोकांना सांगत आला — दुखायच्या आधी या!


१९ फेब्रुवारी

विचार बदलला का, विचारलं. नाही.


२२ फेब्रुवारी

आज दुपारी जोकर माशांची अंडी फुटली.

आमच्याकडे दुपारी रात्र असते, हे कागदालाही समजावून सांगायला हवं. दादाचा दातांचा दवाखाना चालू होता तेव्हापासूनची ही उलटी रीत. घाबरलेल्या पेशंटांनी बघत बसावं म्हणून त्याने टाकी आणली, आणि पेशंटांपेक्षा तोच जास्त बघत बसला. या माशांची अंडी अंधार पडल्यावर फुटतात. दिवसभर लोकांच्या दाढा उपसून पुन्हा रात्री जागायचं त्राण कुणाला? म्हणून त्याने माशांचाच दिवस फिरवला. दुपारी दवाखाना बंद झाला की काळे पडदे ओढायचे, टाकीचे दिवे घालवायचे — झाली रात्र. संध्याकाळी दिवे लावायचे — उजाडलं! मासे बिनतक्रार मानतात. समुद्रातून आलेत, पण घरातलं राजकारण त्यांना लवकर कळलं.

आता दवाखान्याची पाटी उतरली. खुर्ची राहिली, वरचा दिवा राहिला, टाकी राहिली, आणि मी आले. मी आले तेव्हा 'थोडे दिवस' म्हणून आले होते. एका वर्तमानपत्राची शहर-वार्ताहर कुठूनही बातमी पाठवू शकते, हे संपादकांना पटवायला वेळ लागला. दादाला पटवावं लागलं नाही. त्याने आतल्या खोलीतलं जुनं टेबल पुसून ठेवलं होतं.

टाकीत तीन बिऱ्हाडं. जोकर — बाईसाहेब आणि त्यांचा कारकून. या जातीत मोठी ती बायको, आणि ती गेली तर नवऱ्याचीच बायको होते! स्त्रियांच्या प्रश्नांवर मी इतके लेख लिहिले, हा उपाय कधी सुचला नाही. दुसरं बिऱ्हाड निळ्या पट्ट्याच्या इवल्याशा गोबींचं — पट्टेवाले. तिसरं कार्डिनल माशांचं — चंदेरी अंग, त्यावर काळे उभे पट्टे, लांब पंख. मौनी आणि श्रीमती.

तिन्ही बिऱ्हाडं एकाच पाण्यात अंडी घालतात. अडचण एवढीच की एकाचं पिल्लू म्हणजे दुसऱ्याचा नाश्ता. म्हणून अंधार झाला की पंप बंद करायचे, कोपऱ्यात बारीक बॅटरी धरायची. डोळ्यांएवढंच अंग असलेली पिल्लं उजेडाकडे जमतात. मग पेशंटच्या तोंडातली लाळ ओढायची ती नळी लावून त्यांना हळूच बादलीत ओढायचं, आणि बादली एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत न्यायची. तिथे छोट्या टाक्या आहेत. आज मी बॅटरी धरली, दादाने नळी. हात अजून कापत नाही त्याचा.

जोकरांची पिल्लं याआधी जगून वाढलीत. पट्टेवाल्यांचीही. मौनीने मात्र मागे दोनदा पिल्लं व्हायच्या आधीच अंडी गिळली. तिन्ही बिऱ्हाडांची पिल्लं या एकाच टाकीतून वाढवायची, हा दादाचा हट्ट. मी म्हटलं, "आणि झाल्यावर? तुला कुणी पदक देणार आहे?"

"तू बातमी देशील की."

"शहर पानावर माशांना जागा नाही."

"मग निधनवार्तेत घाल." आणि हसला. हसल्यावर गालाला हात लावला.


२६ फेब्रुवारी

मोठ्या इस्पितळात फोन केला.

"पेशंटशी नातं?"

"बहीण."

"पेशंटला घेऊन या."

"पेशंट माशांत अडकलाय."

"काय?"

"काही नाही."

फोनवर काही सांगता येत नाही म्हणे. मोठमोठ्या अधिकाऱ्यांच्या तोंडून मी नको ते वदवून घेतलंय, आणि या मुलीने मला दोन वाक्यांत बाहेर काढलं!

पहिल्या भेटीला दादा एकटाच गेला होता. मला सभेचं वार्तांकन होतं. परत आला तो शांत होता. "कापावं लागेल. तयारी झाली की या म्हणालेत. रिपोर्ट त्यांच्याकडेच आहेत." एवढंच. मीही एवढ्यावर ऐकून घेतलं! दुसऱ्या कुणाला मी असं सोडलं असतं?


२ मार्च

दोघंही उपाशी. मौनी तोंड मिटून, दादाही जवळजवळ. सूप, दूध, कुस्करलेलं केळं. आज केळंही नको म्हणाला. वाटी घेऊन समोर उभी राहिले तर म्हणतो, "पंडितीणबाई, तुझ्या व्याकरणात 'नको'ला काही अर्थ असतो की नाही?"

संस्कृत शिकलेल्या बहिणीचा सूड तो असा घेतो. मी शिकत होते तेव्हा मला द्विवचनाचा राग यायचा. एक आणि अनेक पुरेत की! दोघांसाठी वेगळी क्रियापदं कशाला घोकायची? आता या घरात दोघंच आहोत. खातो आम्ही दोघं, बसतो आम्ही दोघं. कधी वाटतं, ते रूप उगाच नव्हतं — ते फार लवकर वापरातून जातं, एवढंच.

गाल सुजलाय. बाहेरून दिसतो आता.


५ मार्च

लिहायला नको वाटतंय. लिहिते.

एका मासेवेड्याचा लेख वाचनात आला. त्यात सरळ लिहिलं होतं — नराने पिल्लं सोडायची वाट बघू नका, त्याला अलगद धरा, तोंड उघडा, पिल्लं काढून घ्या. मासे पाळणारे सगळे असंच करतात! मला काय आनंद झाला! म्हणजे महिना थांबायचं कारणच नाही. आज पिल्लं काढायची, उद्या इस्पितळ.

दादा गोळी घेऊन खुर्चीत झोपला होता. या नव्या गोळ्यांनी गाढ झोपतो. मी जाळीने मौनीला धरला. ओल्या हातात घेतला. दादाच्या ट्रेमधला बारीक स्पॅच्युला घेतला आणि त्याच्या ओठांत सरकवला. "आ करा," असंही म्हटलं बहुतेक.

तोंड उघडलं. वाडग्यात नारिंगी गोळा पडला. अंडीच. नुसती अंडी. त्यांत डोळ्यांचे काळे ठिपके, बारीकशी हालचाल — पण अंडीच. बापाच्या तोंडाबाहेर ती जगत नाहीत.

लेख पुन्हा उघडला. शेवटच्या परिच्छेदात होतं — हे सगळं अंडी तोंडातच फुटून पिल्लं झाल्यावर करायचं. त्याआधी हात लावू नये. शेवटचा परिच्छेद! मी शेवटचा परिच्छेद वाचतच नाही. आमच्या धंद्यात महत्त्वाचं ते वर असतं, खालचं जागा कमी पडली की कापायचं असतं. इतकी वर्षं मीच लोकांचे शेवटचे परिच्छेद कापत आले.

वाडग्यात हवेची नळी सोडून बसले. संध्याकाळपर्यंत सगळी पांढरी पडली.

दादा उठला. मी म्हटलं, "गिळली वाटतं त्याने."

तो टाकीपाशी गेला. मौनी खात होता. अधाशासारखा.

"मग पुढच्या वेळी," दादा म्हणाला.

पुढच्या वेळी!


६ मार्च

सकाळी चहा देताना दादा म्हणाला, "स्पॅच्युला वापरून झाला की जागेवर ठेवत जा."

बाकी काही नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.


९ मार्च

आज भांडले. कडाक्याने. म्हटलं, तुला मासे नकोत, तुला निमित्त हवंय. भित्रा आहेस! दुसऱ्यांच्या तोंडात चिमटे घालताना शूर, स्वतःच्या तोंडावर आलं की मासे! जबड्याचं हाड खाल्लं जातंय तुझं, आणि तू त्या माशाला पुन्हा दिवस जायची वाट बघतोयस?

"दिवस श्रीमतीला जातात," म्हणाला. "मौनी फक्त सांभाळतो."

मग मी गाडीच बोलावली. गाडीवाला खाली हॉर्न वाजवतोय, मी हाताला धरून ओढतेय. त्याने खुर्चीचं पेडल दाबलं, पाठ आडवी केली आणि डोळे मिटले. त्या खुर्चीतून उठून पळालेले पेशंट मी पाहिलेत. न उठणारा हा पहिलाच!

गाडीवाल्याला परत पाठवलं. तो म्हणाला, "सवारी नाही मग बोलावता कशाला, ताई?" बरोबर आहे.


१४ मार्च

मौनी खाऊन-पिऊन गुटगुटीत. श्रीमती त्याच्या आसपास फिरते, पण अजून काही नाही. मी दिवसातून दहा वेळा काचेपाशी जाते. लाज वाटते. या वयात दुसऱ्याच्या संसारात एवढं लक्ष!

खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. "तुमचा समुद्र माझ्या कपाटावर ठिबकतोय." पाइपचा सांधा सैल झाला होता, घट्ट केला. मग दारातच थांबल्या. आवाज उतरवून म्हणाल्या, "भाऊ पार वाळला गं. ऑपरेशन ठरलंय म्हणतेस, मग डॉक्टर गप्प कसे? माझ्या दिरांच्या वेळी तर रोज फोन. या, भरती व्हा, उशीर नको."

"दादा स्वतःच डॉक्टर आहे, काकू."

"दातांचा!"

काकूंचा राग आला. दार जरा जोरातच लावलं. मग आत येऊन पुन्हा त्या इस्पितळात फोन केला. पुन्हा तीच मुलगी. "पेशंटला घेऊन या."


१७ मार्च

काही नाही. श्रीमती ढिम्म.


२१ मार्च

आज मी काय करणार होते, ते इथे नाही लिहायचं तर कुठे?

दादा दुपारी खुर्चीत डोळे मिटून पडला होता. गळ्याभोवतीचा टॉवेल लाल. गाठीतून रक्त येतं आता. मी तो टॉवेल धुतला. पाणी लाल, पुन्हा लाल, पुन्हा लाल. आणि मोरीतून सरळ दवाखान्यात आले ती उपकरणं बुडवायच्या जंतुनाशकाची बाटली घेऊनच. टाकीचं झाकण काढलं. पडदे ओढलेले, पंपांचा आवाज. मासे नाहीत तर निमित्त नाही. निमित्त नाही तर उद्या इस्पितळ. इतका सोपा हिशेब मला आधी का सुचला नाही!

बाटलीचं बूच काढलं. वासाने नाक झोंबलं.

मागून आवाज आला. बोबडा — जीभ नीट वळत नाही त्याची आता — पण शांत. "टाकायचं असेल तर सगळीकडे फिरवून टाक. एका कोपऱ्यात टाकलंस तर बिचारे तासभर तडफडतील."

तो उठलाही नाही. हातसुद्धा वर केला नाही.

कारकून वर आला होता. खायला मिळेल म्हणून. तोंड वर करून माझ्याकडे बघत होता, साहेबांच्या केबिनबाहेर उभा राहतो तसा.

बूच लावलं. मोरीत जाऊन बसले. बराच वेळ.

बाहेर आले तर दादा म्हणाला, "झाकण राहिलं उघडं. बाईसाहेब उडी मारतील."


२२ मार्च

संपादकांचा फोन. गेल्या आठवड्यात तुमच्याकडून एकच बातमी आली, तीही दुसऱ्यांनी आधी छापलेली. बरं नाही का? म्हटलं, घरी आजारपण आहे. कोण? भाऊ. मग ऑपरेशन कधी? म्हटलं, मासा व्यायला की. मग ते म्हणाले, "सुट्टी घ्या तुम्ही."


२९ मार्च

श्रीमती थरथरतेय! मौनीच्या अंगाला अंग लावून थरथरतेय! दादाने खूण केली — बोलू नकोस. जणू माझ्या बोलण्याने लाजतील.


२ एप्रिल

घेतली. पुन्हा घेतली! मोठा घोस. त्याचा गळा फुगून खाली आलाय.

मी रडले. एका माशाच्या तोंडात अंडी आली म्हणून रडले! दादाने माझ्या पाठीवर हात ठेवला. हात किती हलका झालाय.

"या वेळी स्पॅच्युला लपवून ठेवतो," म्हणाला.

मी त्याला वचन द्यायला लावलं. पिल्लं सुटली की दुसऱ्या दिवशी. निमित्त नाही, पट्टेवाले नाहीत, कुणी नाही. "वचन," म्हणाला. माझ्याकडे न बघता.


८ एप्रिल

मौनी कोपऱ्यात. बाईसाहेब जवळ आल्या तरी हलत नाही. मधूनच तोंड किंचित उघडून आतला घोस फिरवतो, आणि पुन्हा मिटतो. मी काचेला कपाळ लावून बसते. अरे बाबा, गिळू नकोस. तुझ्या पाया पडते. तुला काय हवं ते देईन, गिळू नकोस फक्त.

मला देवाशी असं बोलता आलं नाही कधी. माशाशी आलं.


१३ एप्रिल

दादाचं बोलणं जवळजवळ गेलं. पेशंट गुळण्या करायचे ते कागदी पेले आहेत ना, त्यांवर पेन्सिलीने लिहितो. आजचे पेले — 'मीठ बघ.' 'पाणी १ बादली बदल.' 'जोकर पिल्लांना कमी दे, हावरी आहेत.' 'तूही जेव.'

वजन केलं नाही. करणार नाही.


१९ एप्रिल

वीज गेली.

सकाळपासून. पंप बंद, पाणी स्तब्ध. बॅटरीवरचा छोटा पंप थोडा चालला आणि तोही थांबला. पाणी हललं नाही तर मासे गुदमरतात, आणि ज्याचं तोंड भरलेलं तो सगळ्यात आधी. तो श्वास कुठून घेणार? जीव घाबरला की तोंडातलं बाहेर टाकेल!

पाणी भरायचा मग घेऊन बसले. पाणी भरायचं, उंचावरून धार धरायची, पुन्हा भरायचं. हात भरून आले. दादा उठला, स्टूल ओढून दुसऱ्या टोकाला बसला आणि तोही ओतायला लागला. "तू झोप," म्हटलं. मान हलवून नाही. दोघं दोन टोकांना. त्याचा पेला छोटा, माझा मग मोठा. फक्त पाण्याचा आवाज. काकू ठिबकतंय म्हणून भांडायला आल्या, आमच्याकडे बघितलं, आणि पदर खोचून मधल्या जागी उभ्या राहिल्या. "मलाही द्या काहीतरी. पातेलं चालेल?"

महिन्यापूर्वी याच पाण्यात मी बाटली ओतणार होते.

संपादकांचा फोन — सुट्टीतसुद्धा! तुमच्या भागातली वीज गेली म्हणे, दोन ओळी द्या. म्हटलं, हात ओले आहेत.

संध्याकाळी वीज आली. मौनी कोपऱ्यात होता. तोंड मिटलेलं. दादाने पेल्यावर लिहिलं, 'बाप आहे.' आणि पेला माझ्यापुढे नुसता धरून ठेवला.


२३ एप्रिल

डोळे! मौनीच्या ओठांमागे डोळे दिसले! दादाने दातांचा आरसा काचेला लावून दाखवले. एक नाही, कितीतरी चंदेरी टिकल्या, सगळ्या बाहेर बघताहेत. फुटली आतल्या आत! आता थोडेच दिवस.

मौनीला टाकीतच टांगलेल्या जाळीच्या डब्यात हलवलं, म्हणजे पिल्लं सुटल्यावर बाईसाहेबांना मेजवानी नको. हलवलं दादाने. माझा हात त्याने बाजूला सारला. बरोबरच आहे. या पिल्लांना लपायला काटेरी काहीतरी लागतं, म्हणून दातांच्या फटी साफ करायचे बारीक ब्रश एका बुचात खोचून त्याने साळिंदर केलंय. समुद्रात खरे काटे असतात म्हणे. इथे गुलाबी प्लास्टिकचे.


२७ एप्रिल

अजून नाही. दादाने आज दूधही परत पाठवलं. मी डब्याच्या जाळीला कान लावला. मूर्खपणा. मासा काय बोलणार!

सोड ना रे. सोड. मी हरले. सोड.


१ मे

सुटली!!

दुपारी, म्हणजे त्यांच्या रात्री. पडदा बाजूला करून बघते तर ब्रशांच्या काट्यांत चंदेरी कण. जवळून पाहिलं — कण नाहीत, मासे! पुरे मासे! तेच काळे पट्टे, तेच लांब पंख, सगळं नखाएवढ्या अंगात. जोकरांच्या पिल्लांसारखी अर्धी-कच्ची नाहीत. बापाने पूर्ण करून सोडली.

मी मोजायला लागले. दादाने माझ्या हातावर हात ठेवून थांबवलं. नको, अशी मान हलवली. मग दोघं नुसतं बघत बसलो.

नुकतीच फुटलेली मिठागरातली कोळंबी दिली, धुळीएवढी. खाल्ली! मोठ्यांसारखी नेम धरून खाल्ली. मौनीसमोरही टाकली. त्याने आधी बघितलं, मग एक घास घेतला. त्याच्या पोटाची कातडी आत गेलीय.

तिन्ही बिऱ्हाडं. दादा जिंकला. दादाच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मी बघतेय हे त्याला कळलं तरी त्याने पुसलं नाही.

पेल्यावर लिहून दिलं — 'उद्या.'

मी पिशवी भरली. दोन सदरे, टॉवेल, चपला, चष्मा, वाचायला एक जाड पुस्तक, ऑपरेशननंतर पडून राहावं लागेल तेव्हा कंटाळेल. काकू पिल्लांना बघणार आहेत. त्यांना सगळं दाखवलं. "हावऱ्यांना कमी, लाजऱ्यांना जास्त," असं त्यांनी स्वतःच पाठ केलं. जिना उतरताना गुणगुणत होते मी. किती दिवसांनी!


२ मे

डॉक्टरांनी आधी माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. मग दादाकडे. "तुम्ही यांना सांगितलं नाहीत?"

ऑपरेशन होण्यासारखं नाही, हे त्यांनी दादाला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. फेब्रुवारीत. मौनीने अठरा तारखेला अंडी घेतली, त्याच्याही आधी.

परत येताना गाडीत त्याने माझ्याच पर्समधून पेन काढलं आणि इस्पितळाच्या पावतीमागे लिहिलं — 'तू भांडत होतीस तोवर मी नुसता आजारी होतो.'